पहिल्यांदाच स्वच्छता मोहिमेला निघालात? काय उचलायचं आणि काय तसंच सोडायचं

रविवारच्या मोहिमेसाठी तुम्ही नाव दिलंय. ग्रुपवर निरोप आलाय: सकाळी सातला नवी मुंबईतली सारसोळे जेट्टी, किंवा ठाण्यातलं उपवन, किंवा येऊरच्या जंगलाचा पायथा. सोबत टोपी, पाण्याची बाटली आणि हातमोजे आणा. बस्स, एवढंच. बहुतेक ठिकाणी नव्या माणसाला याहून जास्त काही सांगितलं जात नाही, आणि मग पहिल्याच दिवशी कुणाच्या तळहाताला काच लागते, कुणी चिखलात गुडघाभर रुततं, कुणाला दहा वाजता भोवळ येते. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. कचरा पळून जात नाही. तो आज राहिला तर पुढच्या रविवारी उचलता येईल, नाहीतर महापालिकेची माणसं योग्य साधनं घेऊन उचलतील. तेव्हा एखादी वस्तू धोक्याची वाटली की ती तशीच सोडून पुढे जायचं. हे भित्रेपणाचं लक्षण नाही. जुन्या स्वयंसेवकांना आणि सफाई कामगारांना नीट बघा: ते काय उचलतात यापेक्षा काय उचलत नाहीत, यातून जास्त शिकायला मिळतं.

जागा कुणाची आहे, ते आधी विचारा

ठाणे खाडीच्या काठचा बराचसा पट्टा वनविभागाच्या ताब्यात आहे. खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणजे कांदळवनात (खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलात) शिरायचं असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला आधी कळवावं लागतं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथेही वनखात्याची परवानगी लागते. तलाव, रस्ते, मैदानं महापालिकेकडे: ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय.

परवानगीचा सुरक्षिततेशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. थेट आहे. वनरक्षकाला कळवलं असेल तर गेल्या आठवड्यात कुठे बिबट्या दिसला, कुठली पायवाट खचली आहे, हे तो सांगतो, आणि बहुधा सोबत येतो. स्वच्छता निरीक्षकाला कळवलं असेल तर गोळा केलेल्या गोण्या न्यायला गाडी येते. नाहीतर वीस-पंचवीस गोण्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात, रात्री कुत्री फाडतात आणि आत भरलेली काच पुन्हा फुटपाथवर येते.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत खाडीत फ्लेमिंगो असतात. त्या काळात ओहोटीला उघड्या पडलेल्या दलदलीवर जाऊ नका. ते त्यांचं खाण्याचं ठिकाण आहे, आणि माणसाच्या दृष्टीनेही खाडीतली सगळ्यात फसवी जमीन तीच.

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

खाडीकाठच्या मोहिमेत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय घरी बसून घ्यायचा असतो, आणि तो म्हणजे दिवस कुठला. सुट्टी आहे म्हणून रविवार, इतकं पुरत नाही.

कोळीवाड्यांत आणि कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. खाडीत जसजसं आत जाल तशी ही वेळ थोडी पुढे सरकते. हा अंदाज आहे. पक्की वेळ आणि पाण्याची उंची मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळते, फोनवरही दिसते, ती आदल्या रात्री बघायचीच. पण महिनाभर आधी तारीख ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता पौर्णिमेच्या रविवारी काय होतं ते बघा. सकाळी सातला तुम्ही पोहोचता तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं. सगळा काठ मोकळा दिसतो, प्लास्टिक खाली चिखलापर्यंत पसरलेलं दिसतं आणि माणसं उत्साहाने खाली उतरतात. पण पाणी कधीच वळलेलं असतं. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते अगदी सावकाश येतं, आणि मधल्या दोन तासांत, म्हणजे साधारण आठ ते दहा या वेळात, एकूण चढाच्या निम्मं पाणी येतं. उधाणाच्या दिवशी चढ साडेतीन-चार मीटरचा असेल तर या दोन तासांत पावणेदोन ते दोन मीटर पाणी वाढतं. पुरुषभर. आणि ते समोरून लाटेसारखं येत नाही. तिवरांमधल्या बारीक चरांमधून ते तुमच्या मागून येतं. तुम्ही वाकून पिशव्या ओढत असता आणि परतीच्या वाटेवरचा मघाशी कोरडा असलेला चर आता मांडीपर्यंत भरलेला असतो.

अष्टमीच्या आसपासच्या रविवारी याच्या उलट. सकाळभर पाणी उतरत असतं. शिवाय ही भांगाची भरती, त्यामुळे पाणी वरपर्यंत चढतच नाही. खाडीतला तरंगता कचरा उधाणाच्या भरतीला वर येऊन अडकतो, बांधाच्या पायथ्याशी त्याची एक लांबच लांब रेघ तयार होते. भांगाच्या दिवशी ही रेघ कोरडी असते. चिखलात न उतरता, पक्क्या जमिनीवर उभं राहून, सगळ्यात जास्त कचरा तिथेच मिळतो. म्हणून नव्या माणसांना घेऊन जायचं तर सप्तमी, अष्टमी, नवमी. माझा तरी हा आग्रह असतो, मग मोहीम एक आठवडा पुढे गेली तरी चालेल.

जेट्टीवर जाळी विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारायलाही संकोच करू नका. ते "पाणी फिरलं, आता वर या" म्हणाले की घड्याळात कितीही वाजले असोत, वर यायचं.

पावसाळ्यात खाडीकाठ, खारघरचे ओढे आणि येऊरचे नाले यांपासून लांबच राहा. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर मोहीम रद्द, चर्चा नको. विजा चमकत असतील तर तलावाचा काठ आणि मोकळं मैदान सोडून पक्क्या छपराखाली जायचं. झाडाखाली नाही.

अंगावर काय असावं

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड पँट, टोपी. हाफ पँट नको.

चपला आणि सँडल अजिबात नकोत. जमीन कोरडी असेल तर जाड तळव्याचे बूट. गमबूट रस्त्याकडेला आणि तलावाच्या काठाला उत्तम, पण खाडीच्या गाळात ते दगा देतात: आत पाणी-चिखल भरतो, बूट गाळात धरला जातो आणि पाय तेवढा बाहेर येतो. मग अनवाणी पाय थेट फुटक्या काचेवर किंवा कालवाच्या धारदार शिंपेवर पडतो. चिखलाच्या कडेला काम असेल तर घोट्याच्या वरपर्यंत येणारे, नाडीने घट्ट बांधलेले जुने बूट बरे.

हातमोजे म्हणून हॉटेलात मिळतात तसले पारदर्शक प्लास्टिकचे पातळ मोजे वाटले जातात. त्यांचा काडीचा उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानात रबराचा थर दिलेले, बांधकामावर वापरतात तसे विणलेले मोजे मिळतात, ते घ्या. पण हेही ध्यानात असू द्या की कुठलाही साधा मोजा सुई अडवत नाही. काच बहुधा अडते, सुई आरपार जाते. म्हणूनच लांब दांड्याचा चिमटा हवा. तो नसेल तर बागकामाचा पंजा चालेल.

काळ्या पातळ पिशव्यांऐवजी धान्याच्या रिकाम्या गोण्या आणा. काच आणि पत्र्यासाठी वेगळं भांडं हवंच: पत्र्याचा डबा, जुनी बादली, किंवा तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, वरून कापलेला.

धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली आहे का, आठवून बघा. आठवत नसेल तर येण्याआधी घेऊन टाका. हातापायाला ताजी जखम असेल, पायात भेगा पडल्या असतील तर त्या दिवशी पाण्याजवळ काम करू नका. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे जास्तच पाळावं, कारण पायाची संवेदना कमी झाली असेल तर टोचलेलंही कळत नाही. नोंदणीच्या टेबलावर, गोण्यांची मोजणी करायला, पाणी वाटायला माणसं लागतातच. तेही कामच आहे. लहान मुलांना खाडीकाठी आणू नका. सोसायटीजवळच्या बागेत किंवा मैदानात, आईबाबांच्या शेजारी राहून त्यांना हे काम छान करता येतं.

कामाला हात घालण्याआधीची दहा मिनिटं

आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि घरच्यांचा नंबर लिहून घ्या. जाताना त्याच यादीवर खूण करायची, म्हणजे कुणी मागे राहिलं तर लगेच समजतं. जोड्या पाडा. नव्या माणसाबरोबर जुना माणूस. कानात इअरफोन नको.

मग कुणीतरी एकाने सगळा पट्टा नुसता चालून बघायचा, काही न उचलता. कुठे उतार निसरडा आहे, कुठे मधमाश्यांचं पोळं आहे, कुठे कुत्रीने पिल्लं घातली आहेत, कुठे विजेची केबल लोंबते आहे. आग्या मोहोळ दिसलं तर तो सगळा भागच सोडायचा. हे सगळं दोन मिनिटांत सर्वांना सांगायचं आणि हद्द दाखवायची: या खांबापासून त्या पायऱ्यांपर्यंत, त्याच्या पलीकडे नाही.

रुग्णवाहिकेला जागा कशी सांगणार, हेही तेव्हाच ठरवा. "खाडीजवळ" म्हणून कुणालाही सापडत नाही. जवळची सोसायटी, बसथांबा, सेक्टरचा नंबर एका कागदावर लिहून प्रथमोपचाराच्या पेटीवर चिकटवून ठेवा. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलीस आणि इतर तातडीसाठी, १९२६ वनविभागासाठी.

आजूबाजूला कचरावेचक मावशी-दादा असतील तर आधी त्यांच्याशी बोला. कोपऱ्यात बांधून ठेवलेली बाटल्यांची गोणी त्यांची सकाळची कमाई असू शकते. कचरा समजून ती गाडीत टाकू नका. आणि त्यांना विचारा, "मावशी, इथे सुया-बिया निघतात का?" कुठल्या कोपऱ्यात काय टाकलं जातं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

उचलायचं कसं

हात कधीही न दिसणाऱ्या जागेत घालायचा नाही. झुडपाखाली, दगडांच्या फटीत, पाइपच्या तोंडात, पालापाचोळ्याच्या ढिगात. आधी काठीने हलवायचं, बघायचं, मग चिमट्याने ओढायचं. प्लायवूड, पुठ्ठा, फरशीचा तुकडा उलटायचा असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला. म्हणजे खाली साप किंवा विंचू असेल तर तुमच्या आणि त्याच्यामध्ये ती फळी राहते, आणि त्याला पलीकडे पळायला वाट मिळते. आपल्या बाजूची कड उचलली तर तो थेट पायावर येतो.

गोणी निम्मीच भरा. आत हात घालून किंवा पाय देऊन कचरा दाबू नका. उचलताना ती मांडीला किंवा पाठीला टेकू देऊ नका, अंगापासून दूर धरा, आणि जड असेल तर दोघांनी मिळून न्या. जाळ्यांचे तुकडे, कापडं, गाद्या गाळात अर्ध्या गाडलेल्या असतात. झटके देऊन ओढल्या तर कंबर तरी धरते, नाहीतर ती वस्तू अचानक सुटते आणि माणूस मागे पडतो. एकदा ओढून बघा, हलत नसेल तर सोडा.

इथल्या काठांवर सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं ते देवांच्या जुन्या तसबिरींना. पिंपळाच्या पारावर, तलावाच्या पायऱ्यांवर, खाडीच्या बांधावर त्या टेकवून ठेवलेल्या असतात. पावसाने मागचं प्लायवूड फुगलेलं असतं, कोपऱ्यातले चुके गंजून वर आलेले असतात आणि काच चौकटीत नुसती अडकलेली असते. वरची कड धरून उचललं की ती काच खाली घसरते, नेमकी मनगटावर. दुसरं म्हणजे, देवाचा फोटो दिसला की माणूस आदराने हातमोजा काढतो. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे: दोन तास मोजे घालून काळजीपूर्वक काम केलेली माणसं इथे उघड्या हाताने तसबीर उचलतात, कपाळाला लावतात. नमस्कार जरूर करा, पण मोजे घालूनच. तसबीर उभी न करता आडवी ठेवायची, तिच्यावर गोणपाट टाकायचं, खालून दोन्ही हात घालून उचलायची आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवीच ठेवायची. गोणीत कधीच नाही.

निर्माल्याच्या पिशव्यांचंही तसंच. पुलावरून खाडीत टाकलेल्या गाठ मारलेल्या पिशव्यांत फुलांबरोबर अगरबत्तीच्या काड्या, दिव्याच्या काचा, नारळाच्या कवट्या, कधी ब्लेड सुद्धा निघतं. गाठ सोडून आत बघू नका. फुलं वेगळी काढायची असतील तर पिशवी जमिनीवर ठेवून चिमट्याने उघडा आणि ताडपत्रीवर पालथी करा. विसर्जनानंतरच्या सकाळी तलावाकाठी मखरांच्या लाकडांना खिळे आणि मूर्तींच्या सांगाड्यांना तारा असतात, आणि घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या असतात. पाण्यात उतरून मूर्तींचे अवशेष काढणं महापालिकेच्या आणि अग्निशमन दलाच्या माणसांचं काम. आपण पायऱ्यांच्या वरच्या भागात राहायचं.

दारूच्या बाटल्या येऊरला आणि खारघरच्या टेकड्यांवर ढिगाने मिळतात. अख्खी बाटली गोणीत, फुटकी डब्यात. फेकून मारू नका, फोडू नका. आणि कचरा जागेवर जाळायचा तर नाहीच. आत बंद डबा, लायटर किंवा न फुटलेला फटाका असेल तर तो तोंडावर उडतो.

याला हात लावायचा नाही

सुई, सिरिंज, सलाइनच्या नळ्या, रक्ताचे बोळे. एकटी सुई दिसली आणि तुमच्याकडे चिमटा व जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली असेल तर अनुभवी माणसाने ती चिमट्याने बाटलीत टाकावी, बाटली जमिनीवर ठेवून. हातात धरून नाही. सुईला टोपण लावायला जाऊ नये. ढीग दिसला तर खूण करून महापालिकेला कळवा.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे नाल्यांच्या तोंडाशी पिंप, निळे कॅन, पावडरीच्या गोण्या सापडतात. त्यांचा वास घेऊन बघू नका, ओतून रिकामे करू नका, काडीने ढवळू नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरका, लांबून फोटो काढा आणि महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. लघवीने किंवा अनोळखी द्रवाने भरलेल्या बाटल्या, गॅसचे सिलिंडर, ट्यूबलाइट आणि सीएफएल, फुगलेल्या बॅटऱ्या, मेलेली जनावरं: सगळं सोडायचं. हाडं, शस्त्र, बेवारस सूटकेस दिसली तर सगळ्यांना मागे घेऊन ११२.

नाल्यात, गटारात, मॅनहोलमध्ये कुठल्याही कारणाने उतरू नका. मोबाइल पडला तरी नाही, मित्र पडला तरी नाही. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो; सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला तो वासच कळेनासा होतो. वाचवायला उतरलेली माणसंच अशा घटनांत एकामागून एक जातात. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, मग स्वयंसेवकाने उतरायचा प्रश्नच येत नाही. बाहेर राहून अग्निशमन दलाला बोलवायचं.

रेल्वे रुळांच्या कडेचा कचरा कितीही डोळ्यांत खुपला तरी तिकडे जायचं नाही. परवानगीशिवाय रुळांवर जाणं गुन्हा आहे. पाम बीच रोड आणि घोडबंदर रोडवर फुटपाथच्या आतच राहा, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, चमकणारी जाकिटं घालून. दुभाजक सोडूनच द्या.

पाय रुतला तर

तिवरांच्या टोकदार श्वसनमुळ्या चिखलातून वर आलेल्या असतात. त्या तुडवू नका. झाडाचंही नुकसान होतं आणि पडलात तर त्याच लागतात. तिवरांच्या आत अडकलेलं प्लास्टिक काठावरून आकड्याने ओढता आलं तर ओढा.

पाय गाळात गेलाच तर पहिली ऊर्मी दुसऱ्या पायावर जोर देऊन झटका द्यायची असते. त्याने दुसरा पायही जातो. थांबा. मागे टेका, जवळजवळ बसा, म्हणजे अंगाचा भार पसरतो. मग रुतलेला पाय बारीक बारीक हलवत राहा; पाणी आणि हवा आत शिरली की गाळाची पकड सुटते. पाय सावकाश, पाऊल ताणून बाहेर काढा. बूट राहिला तर राहू द्या. मदत करणाऱ्याने पक्क्या जमिनीवरून फळी किंवा काठी पुढे करावी, स्वतः गाळात येऊ नये.

ऊन

ठाण्या-नवी मुंबईत उन्हापेक्षा दमटपणा माणसाला पाडतो, कारण घाम वाळतच नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये साडेसहाला सुरू करा आणि नऊला गोण्या बांधा. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरी करता येतं. लिंबू पिळलं की चवही येते. उपाशीपोटी येऊ नका.

चक्कर, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत बसवून पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर तो उष्माघात समजा: लगेच १०८ला फोन, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

काही लागलं, चावलं तर

काच किंवा पत्रा लागला: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम मळकी असेल आणि धनुर्वाताच्या लशीला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सुई टोचली: पिळू नका, चोखू नका. साबण-पाण्याने धुवा आणि ताबडतोब सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करावी लागतात. गरज असेल तर ती २८ दिवस देतात. हिपॅटायटिस बीचंही तिथेच विचारा. लाजून किंवा "काही होणार नाही" म्हणून घरी जाऊ नका.

कुत्रं चावलं किंवा नुसता ओरखडा आला: १५ मिनिटं घड्याळ लावून साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रेबीजची लस त्याच दिवशी.

साप चावला: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालतं. त्यामुळे साप ओळखायची, मारायची, पकडून न्यायची गरज नाही. अंगठ्या, कडं, बूट काढा. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. चालवू नका, उचलून न्या. आणि थेट मोठ्या रुग्णालयात.

घरी गेल्यावर

मोजे काढताना बाहेरची बाजू आत वळवून काढा. काहीही खाण्याआधी, फोन हातात घेण्याआधीसुद्धा, साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. घरी बूट दाराबाहेर, कपडे वेगळे भिजवा, आंघोळ करा आणि नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, टाचा नीट तपासा. कामाच्या धांदलीत न जाणवलेला ओरखडा तेव्हा सापडतो.

तलाव, खाडी किंवा डबक्याच्या पाण्याशी संबंध आला असेल तर पुढचे तीन-चार आठवडे एक लक्षात ठेवा: लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून त्याचा जंतू पाण्यात येतो आणि बारीकशा जखमेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबई परिसरात त्याची मोठी साथ आली होती. अचानक ताप, डोकेदुखी, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांत दिसतात, कधी त्यानंतरही. तापाची गोळी घेऊन वाट बघत बसू नका. जखम घेऊन घाण पाण्यात उभे राहिला असाल तर लक्षणांची वाटही बघू नका. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, गरज वाटली तर ते प्रतिबंधक गोळी देतात. मनाने घेऊ नका. आणि तपासायला गेलात की डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा की अमुक तारखेला खाडीकाठी कचरा उचलत होतो. मग मोहिमेच्या ग्रुपवरही कळवा, म्हणजे त्या दिवशी तुमच्यासोबत असलेले बाकीचे लोकही आपापला ताप मोजून बघतील.